तळलेला मासा आणि गप्प बसायची खुर्ची

फ्रिजशेजारच्या खुर्चीत ती बसली आणि तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. हात मोकळे राहिले तर ते आपलं ऐकणार नाहीत, एवढं तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं.

ओट्यापाशी तिचा नवरा बाह्या सरसावून उभा होता. दारात स्टूल टाकून सासूबाई बसल्या होत्या. आज त्या पंच होत्या. पाच वर्षांची चिमणी टेबलाखाली होती, कारण तिथूनच सगळं नीट दिसतं असं तिचं म्हणणं होतं.

"आई, नियम परत एकदा सांग," नवरा म्हणाला.

"सूनबाईने बोलायचं नाही. उठायचं नाही. मुद्दाम खोकायचं नाही. तीनदा चुकली की खेळ खलास."

"आणि भुवई?"

"भुवई तर मुळीच नाही. हिची भुवई हिच्या तोंडापेक्षा जास्त बोलते."

हा खेळ तिनेच काढला होता. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतून तिला बोलावणं आलं होतं, आठवड्यातून तीन संध्याकाळी. जंतूंचा अभ्यास करून तिने पदवी घेतली होती, पण चिमणी झाल्यापासून सूक्ष्मदर्शकात डोळा घातला नव्हता. तो सगळा डोळा तिने घरात घातला होता. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की स्वप्नात काचेच्या नळ्या यायच्या. पण त्या तीन संध्याकाळी गॅस, सुरी आणि मूल नवऱ्याच्या हवाली करायचं, या विचाराशी ती दरवेळी अडायची. तिथे नळीत बघताना इथलाच धूर दिसत राहिला तर जाऊन उपयोग काय? उत्तर आजच कळवायचं होतं. म्हणून तिने जाहीर करून टाकलं, की तू एक अख्खा स्वयंपाक कर, मी नुसती बघत बसते. गप्प राहता आलं तर होकार. नाही आलं तर नकार, आणि परत तो विषय नाही.

नवऱ्याने टाको निवडले. बाजारातून आणलेल्या मक्याच्या छोट्या पोळ्या, त्यात मासा, बारीक चिरलेला कोबी, वर लसूण घातलेलं दही, आणि घडी करून हातात धरून खायचं, इतकं त्याने व्हिडिओ बघून समजून घेतलं होतं. अर्धा मासा पिठात बुडवून तळायचा, कारण चिमणीला कुरकुरीत लागतं. अर्धा ग्रिलच्या तव्यावर भाजायचा, कारण सासूबाईंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं.

"भाजलेला मासा त्या डॉक्टरांनाच पाठवून दे," सासूबाई म्हणाल्या.

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. कामाला हात लावण्याआधी हत्यारं ओळीने मांडायची त्याची सवय. त्याच सवयीने त्याने मासा, सुरी, लिंबू, कोबी अशी रांग लावली आणि चिरायची फळी घ्यायला हात पुढे केला. हात हिरव्या फळीकडे गेला. हिरवी भाजीची. कच्चा मासा हिरव्या फळीवर म्हणजे कोबीबरोबर काय काय पोटात जाईल, त्या सगळ्यांची लॅटिन नावं तिच्या डोळ्यांपुढून सरसर गेली.

"निळी," ती म्हणाली.

"एक," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याने हिरवी फळी बाजूला सरकवून तिच्यामागची निळी काढली. "निळीच घेत होतो," तो शांतपणे म्हणाला. "ती हिच्या मागे असते. तूच ठेवतेस."

तिने ओठ आत ओढून घेतले.

मासा बिनकाट्याचा म्हणून आणलेला होता, तरी नवऱ्याने प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवलं. एक काटा निघाला. त्याने तो उजेडात धरला, बशीत ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवायला लागला. हे बघून तिला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्याच वेळी चिमणी टेबलाखालून रांगत निघाली, थेट त्याच्या पायांकडे, आणि सुरी ओट्याच्या कडेला होती.

"चिमणे, मागे हो. इथे सुरी आहे," नवरा मान न वळवता म्हणाला. चिमणी मागे झाली.

"दोन," सासूबाई म्हणाल्या. "भुवई. डावी."

डावी आपोआप जाते, ती धरायची नसते, असं तिला सांगायचं होतं. पण सांगणार कशी? कबूल, कबूल, अशा अर्थी तिने पापण्या मिटल्या. त्यावर सासूबाईंनी थोडा विचार केला आणि सोडून दिलं.

मग नवऱ्याने फोन बघत पिठाची तयारी सुरू केली. "मैदा एक वाटी. मक्याचं पांढरं पीठ अर्धी वाटी. मीठ, तिखट, चिमूटभर खायचा सोडा, गार सोडावॉटर." फडताळातून त्याने मैद्याचा डबा काढला. मग वरच्या फळीवरचा डबा काढला. त्यावर तिच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, मक्याचं पीठ.

तिने हात मांड्यांखाली आणखी दाबले.

त्या डब्यात मक्याचं पीठ नव्हतं. पिठीसाखर होती. दोन महिन्यांपूर्वी चिमणी वाचायला शिकली आणि तिने सगळ्यात आधी वाचला तो पिठीसाखरेचा डबा. एका दुपारी पांढऱ्या मिशा लावून ती झोपेचं सोंग घेऊन पडलेली सापडली. तेव्हा तिच्या आईने शक्कल लढवली. मक्याचं पीठ पिठीसाखरेच्या डब्यात, पिठीसाखर मक्याच्या पिठाच्या डब्यात. बस वाचत. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती, कारण या घरात कोणालाही सांगितलेली गोष्ट टेबलाखाली ऐकू जायची.

आणि नवरा तर पाटीवर जीव टाकणारा माणूस. लिफ्टच्या पेटीत जे बटण बंद म्हणून लिहिलेलं असतं ते बंदच असतं, नाहीतर तो आज इथे उभाच नसता. त्याने अर्धी वाटी पिठीसाखर भरली, बोटाने सपाट केली आणि मैद्यात ओतली.

बोलावं? बोलले तर तीन. प्रयोगशाळा गेली. वर, घरात खोट्या पाट्या कोण लावतं याची चौकशी. नाही बोलावं? साखरेने कोणी मरत नाही. पण साखर कढईत जळते. तो पीठ चाखून बघेल, तिने मनात धावा केला. चाख. एक बोट लाव. नवऱ्याने बोट भांड्यापर्यंत नेलं, तिच्याकडे पाहिलं आणि मागे घेतलं.

"कच्चं पीठ चाखायचं नाही," तो चिमणीला म्हणाला. "जंतू असतात. आई सांगते ना?"

"असतात," टेबलाखालून उत्तर आलं.

तिला स्वतःच्या शिकवणीचा इतका राग पहिल्यांदाच आला.

पहिला तुकडा तेलात गेला, छान फुलला, आणि मिनिटभरात बुटाच्या रंगाचा झाला. दुसरा त्याहून काळा. घरभर जळक्या गोडाचा वास सुटला.

"कोणाचा वाढदिवस आहे का?" सासूबाई नाक वर करून म्हणाल्या.

धूर वर चढायला लागला. आता ती उठणारच होती. तिच्या टाचा वर झाल्या, तोंडात वाक्य तयार झालं: गॅस बंद कर, झाकण ठेव, खिडकी उघड, पोरीला बाहेर काढ. तेवढ्यात नवऱ्याने गॅस बंद केला. कढईवर झाकण ठेवलं. खिडकी उघडली. "चिमणे, आजीजवळ जाऊन उभी राहा," म्हणाला. मग हात कमरेवर ठेवून कढईकडे बघत राहिला.

तिचं वाक्य तोंडातच राहिलं. करायला त्यात काही शिल्लकच नव्हतं. टाचा खाली टेकल्या.

"तेल ठीक," नवरा स्वतःशीच बोलू लागला. अडकलेल्या लिफ्टसमोर तो असाच बोलत असणार. "मासा ठीक. म्हणजे बिघाड पिठात." त्याने डबे पुन्हा उघडले. मैदा चिमटीत चोळला, ठेवून दिला. दुसऱ्या डब्यातली चिमूट चोळली, वास घेतला, आणि जंतूंची पर्वा न करता जिभेवर ठेवली.

मग त्याने डब्यावरची पाटी पुन्हा एकदा वाचली.

"हे मक्याचं पीठ," तो तिच्याकडे वळून म्हणाला, "गोड का आहे?"

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी तीन बोटं वर केली, सावध करायला. ती दगडासारखी बसून राहिली. कान मात्र तापले.

"मला माहितीये," चिमणी म्हणाली. "त्यात पिठीसाखर आहे. आईने लपवलीये."

"तुला कसं कळलं?"

"मी रोज खाते."

खुर्चीतून आवाज आला. "रोज?"

झालं. तिसरं. तिने डोळे मिटून घेतले आणि आकडा ऐकायची वाट पाहिली. आकडा आला नाही. डोळे उघडले तर सासूबाई पदराचं टोक नीट करत होत्या.

"पोरगी एकटी खात नाही," चिमणी पुढे म्हणाली. स्वतःला पोरगी म्हणायची सवय तिला आजीने लावली होती. "आजी डबा काढते, कारण माझा हात पुरत नाही. मग एक चमचा मी आणि एक चमचा आजी. दुपारी, आई कपडे वाळत घालते तेव्हा."

नवऱ्याने आईकडे पाहिलं. सुनेने सासूकडे पाहिलं. डब्यातली पातळी उतरलेली तिला दिसली होती. बारीक पूड बसते खाली, असं तिने स्वतःला समजावलं होतं. घरातल्या एकूण एक गोष्टीवर नजर ठेवणाऱ्या बाईच्या नाकासमोर, रोज दुपारी, एक चमचा तू आणि एक चमचा मी.

"आई," नवरा म्हणाला, "पंच म्हणून सांग. ती आत्ता बोलली का?"

"मला आजकाल कमी ऐकू येतं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुझी शुगर?"

"ते तर मुळीच ऐकू येत नाही."

सून हसली. आधी नाकातून, मग हात मांड्यांखालून सुटले, आणि खुर्ची फ्रिजवर आपटेपर्यंत ती हसत राहिली. हसण्याबद्दल नियमात काही नव्हतं. पण उठली नाही. नवऱ्याने कढईतलं तेल बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं, पिठीसाखरेच्या डब्यातलं मक्याचं पीठ काढून नव्याने पीठ कालवलं. चिमणी परत टेबलाखाली शिरली आणि आजीचं स्टूलही टेबलाशी आलं. या खेपेला मासा सोनेरी निघाला. शेजारच्या तव्यावर भाजलेल्या तुकड्यांना काळे पट्टे उमटले, हवे तेवढेच.

"हं," नवऱ्याने पहिली घडी तिच्या हातात दिली. एक तळलेला तुकडा, एक भाजलेला, कोबी, दही. "आता बोल."

तिने चावा घेतला. दही मनगटावरून कोपराकडे निघालं. कोबी जरा जाड चिरला होता. मीठ किंचित कमी होतं. फडक्याची जागा चुकली होती. अशा सात-आठ गोष्टी तिच्या तोंडाशी रांगेत उभ्या राहिल्या आणि मासा इतका कुरकुरीत होता की सगळ्या त्याच्याबरोबर गिळल्या गेल्या.

"पण मी बोलले होते," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा. पंचांनी लबाडी केली."

"धूर झाला तेव्हा बोललीस?"

"नाही."

"उठलीस?"

"टाचा उठल्या."

"टाचा चालतात," सासूबाई म्हणाल्या. "मी ठरवलं."

तिने फोन उचलला. उजवा हात टाकोत अडकलेला, म्हणून डाव्या अंगठ्याने 'सोमवारपासून येते' असं लिहिलं, पडद्यावर दह्याचं बोट उमटलं, आणि पुसून पाठवावं की तसंच, असा विचार करायच्या आत ते गेलंसुद्धा. मान वर केली तर सासूबाई ताटलीतला बुटाच्या रंगाचा तुकडा उचलत होत्या. गोड आणि तळलेला, बंद केलेलं दोन्ही एकाच घासात. तिची डावी भुवई वर गेली.

"खेळ संपलाय," सासूबाई म्हणाल्या आणि अर्धा तुकडा टेबलाखाली दिला.