खोट हातात हाय

"भट्टीच चुकली तुझी. सगळं पुन्हा कर," म्हणत सरांनी आलेख दिपालीपुढे टाकला. पीएचडीचा प्रबंध द्यायला दीड महिना उरला होता. लोहा गावची ही पोरगी लातूरला येऊन पाच वर्षं खपत होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी फडकं घेऊन यंत्राजवळ उभी. मी जगदेवी, या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली शिपाई. नववी नापास. पण एकवीस वर्षं सरांची तीच ती शिकवणी ऐकून भिंतीलासुद्धा आलं असतं! भुकटीतले अणू ओळीत बसलेले असले, की एक्स-रेच्या आलेखात शिखर टोकदार येतं. ओळी मोडल्या की पसरतं. किती पसरलं ते मोजायचं आणि आत दोष किती ते काढायचं. दिपालीनं भट्टीत भाजलेल्या पहिल्या दोन भुकट्यांची शिखरं बाभळीच्या काट्यासारखी होती. तिसरीचं म्हणजे बसकं ढेकूळ.

ती तिसरी भुकटी मी घोटली होती.

पोरगी तापानं फणफणली होती. "मावशी, तेवढं पाच मिनटं घोटून ठेवता का?" म्हणाली फोनवर. पाच मिनिटं? माझ्या हातचा येसर मसाला निलंग्याचे पाहुणे मागून नेतात! मी अकीकाच्या दगडी खलात तासभर घोटलं, जीव लावून, पार मऊसूत होईस्तोवर. शिपायानं नमुन्याला हात लावायचा नाही, अशी सरांची सक्त ताकीद. म्हणून तर दिपाली गप्प होती, माझं नाव येऊ नये म्हणून. मीही गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण छे! पोरीची पाच वर्षं बुडवून मला घास गिळवला नसता.

"सर, भट्टीत खोट न्हाई. माझ्या हातात हाय."

सर वळले. "तुम्ही घोटलं?"

"हाव. तासभर रगडलं. त्या ओळी मीच मोडल्या असतील बघा."

संपलं, म्हटलं, आता नोकरी गेली. सरांनी आलेख पुन्हा उचलला आणि तिन्ही शिखरं बोटानं ताडून पाहिली.

"मूळ, न घोटलेली भुकटी उरली आहे ना? मग पाचच मिनिटं घोटा. तुम्हीच."

दुपारी नवा आलेख निघाला. शिखर बाभळीचा काटा! दिपालीनं मला फडक्यासकट मिठी मारली.

पुढचे पंधरा दिवस मी सरांच्या हुकमानं घोटत होते. दहा मिनिटं, वीस, पंचवीस, तीस, तासभर. "एवढा एकसारखा हात या विभागात कुणाचा नाही," असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली माझी. घोटण्यानं दोष कसे वाढतात, याचं प्रबंधात एक अख्खं प्रकरण झालं.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. मी चहा घेऊन आत गेले, तेव्हा ते विचारत होते, "भुकटी घोटायला कुठलं यंत्र वापरलंत?"

दिपालीनं माझ्याकडे हात केला. "यंत्र नाही, सर. या आमच्या जगदेवीमावशी."

परीक्षकांनी चष्मा वर केला. "बाई, मग तुम्हीच सांगा. दोष कधीपासून वाढायला लागतात?"

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"पंचवीस मिनटांच्या फुडं, सर. खलाचा आवाज बदलतो."

त्यांनी पेन उघडलं. "कसा बदलतो?"

आमचे सर उठले आणि त्यांनी आपली खुर्ची माझ्यापुढे सरकवली.