उज्माचा हात लागला नव्हता

मित्रांनो, तुम्ही कधी माझ्यावर खेळला असाल, तर चपला बाहेर काढूनच आला असाल. मी कबड्डीची एक जुनी मॅट आहे. भिवंडीच्या एका कॉलेजात, पत्र्याच्या हॉलमध्ये, सहा वर्षे माझ्यावर मुलींचा सराव चालला. आज मी त्याच हॉलच्या मागे भिंतीला टेकून पडले आहे. माझी हकिकत गोड नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम साच्यात फोम दाबून माझे चौकोनी तुकडे काढले आणि प्रत्येकाच्या कडेला दात कापले. एका तुकड्याचे दात दुसऱ्याच्या खाचेत बसले की आम्ही एक होतो. मुलींचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. म्हणून माझे मीटर-मीटरचे शहाण्णव तुकडे. ते सगळे एकमेकांना घट्ट धरून राहिले, तरच मी मॅट. एकानेही पकड सोडली की माझा भरवसा गेला.

कॉलेजात आले त्या दिवशी माझे उद्घाटन झाले. पाहुणे बूट घालून माझ्यावर उभे राहिले. नारळ माझ्या कडेलाच फोडला आणि त्याचे पाणी माझ्या फटींत गेले. खेळणाऱ्या मुली चपला काढून दाराशी उभ्या होत्या. त्यांना फोटोत घ्यायचे राहून गेले. मला तेव्हाच कळायला हवे होते.

पण वर्षे चांगली गेली, हे मी नाकारत नाही. दिपाली मॅडम मुलींना शिकवायच्या. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर वर्षी त्यांची नेमणूक नव्याने व्हायची. तरी सराव संपल्यावर त्या स्वतः ओल्या फडक्याने मला पुसायच्या. विभागीय स्पर्धेत आमच्या मुली दोनदा उपांत्य फेरीपर्यंत गेल्या. लोक मुलींचे कौतुक करायचे, आणि मुली घरी जाताना माझ्यावर तळहात टेकवून पाया पडायच्या. मला तेवढे पुष्कळ होते.

यंदाच्या मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी असताना, मला टेम्पोत घालून दापोड्याला नेले. कॉलेजच्या समितीवरचे चांगदेवशेठ तिथे नवे गोडाऊन उघडत होते. पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली काहीतरी रंगीत हवे होते, म्हणून मी. समारंभ एका दिवसाचा होता, पण मला आठ दिवस तिथेच ठेवले. माल उतरायला लागला. खोक्यांनी लादलेल्या लोखंडी ढकलगाड्या माझ्यावरून गेल्या. माझे दात एकेक करून तुटले. चांगदेवशेठची पुतणी उन्नती त्या वेळी तिथेच होती. ती आमच्या संघाची कप्तान. तिने ते पाहिले. "काका, ती मॅट खेळायची आहे," एवढे ती म्हणाली. काका फोनवर बोलत होते. त्यांनी हाताने थांब अशी खूण केली, आणि ती थांबली.

जूनमध्ये परत आले तेव्हा दिपाली मॅडम गुडघ्यावर बसून माझा एकेक तुकडा चाचपत होत्या. त्यांनी नवे तुकडे मागणारा अर्ज दिला. उत्तर आले नाही. दुसरा दिला. "या वर्षी चालवून घ्या," असे ऑफिसातून तोंडी कळले. मग त्यांनी सगळ्यात खराब तुकडे मागच्या डाव्या कोपऱ्यात लावले, कडांना चिकटपट्टी मारली आणि म्हणाल्या, "इथे पाय कमी पडतात."

कमी पडतात, पण पडतात.

ऑगस्टमध्ये स्पर्धा महिन्यावर आली. एका दुपारी मॅडमनी मुलींना माझ्यावर गोल बसवले. त्यांच्या मांडीवर वही होती. "पकडीची मला काळजी नाही," त्या म्हणाल्या. "या वर्षी आपण जिंकू किंवा हरू ते चढाईवर. तीन चढाईपटू आहेत. तिघींविषयी मी तोंडावर बोलणार. कोणी तोंड वाकडं करायचं नाही."

त्या बोलत होत्या तेव्हा मी मनात माझे मत जुळवून पाहत होते. मला चेहरे कमी कळतात. तळपाय कळतात.

"उन्नती. शेवटचं वर्ष. आपली पहिली चढाई तुझी. मागे फेकलेली लाथ तुझ्याइतकी लांब विभागात कोणाची जात नाही. डावा कोपरा तू एकटी फोडतेस. पण परत वळताना डाव्या गुडघ्यावर सगळा भार टाकतेस. तो कमी कर."

अगदी बरोबर. उन्नतीचा पाय माझ्यावर हक्काने पडायचा, घरच्या अंगणात पडतो तसा.

"उज्मा. दुसरं वर्ष. बुटकी आहेस, हात आखूड आहेत. पण बोनसची रेषा तुझ्याइतकी कोणाला दिसत नाही. आणि तिसऱ्या चढाईला, जेव्हा गुण घेतलाच पाहिजे, तेव्हा मी तुलाच पाठवणार. तुझा दम तुटत नाही."

उज्माच्या वडिलांचा, कासमभाईंचा, चार लूमचा कारखाना होता. सरावाला येण्याआधी ती तिथे कापडाची घडी घालायला मदत करायची. तिची टाच मला कधी लागली नाही. ती बोटांवर चालायची आणि कोणावरही आदळायची नाही. पकड करतानासुद्धा समोरची पडली की आधी हात द्यायची.

"भाविका. पहिलं वर्ष. उंच आहेस, ताकद आहे. डोकं मात्र घाईत असतं. तू अजून तयार नाहीस. यंदा बसून शिकायचं."

"बसून कसं शिकायचं, मॅडम?" भाविकाने विचारले. ती गणेशपुरीहून एसटीने यायची आणि रोज उशिरा पोचायची. मुली हसल्या. उज्मा तिला म्हणाली, "माझ्यामागे उभी राहा. मी दम कुठे सोडते ते बघ."

मॅडमनी वही मिटली. "या दोघी उभ्या राहिल्या आणि तिसरी शिकली, तर मला कोणाची भीती नाही."

संघाची यादी पाठवण्याच्या चार दिवस आधी निवडीचा सामना झाला. उन्नती एका बाजूला, उज्मा दुसऱ्या. उन्नती चढाईला आली आणि सरळ डाव्या कोपऱ्यात शिरली. तिथे उज्मा होती. तिने टाच धरायला खाली झेप घेतली. मित्रांनो, मी तिथेच होते, माझ्याइतके जवळ कोणीच नव्हते. उज्माचा हात वीतभर मागे राहिला. तिचा हात लागलाच नव्हता. उन्नती वळली, चिकटपट्टी सुटली, माझा एक तुकडा कोपऱ्यातून वर उचलला गेला आणि तिचा डावा पाय त्या फटीत अडकला. अंग वळले, पाय वळला नाही. गुडघ्यातून आलेला आवाज मी आधी ऐकला, तिची किंकाळी नंतर.

चांगदेवशेठ त्या दिवशी ऑफिसात आले होते. ते धावत आले, बुटांसकट.

"कोनी धरली होती?" त्यांनी विचारले.

"उज्मा पकडायला गेली होती," कोणीतरी म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "शेठ, इथे बघा. हा तुकडा वर आलाय. पाय यात अडकला."

"मॅट हाय ती मॅडम, गादी हाय. गादीवर कोनाचा गुडघा जातो? ही पोरगी मारकी खेलते, ते सांगा ना."

उज्मा उन्नतीकडे बघत राहिली. उन्नतीचे डोळे उघडे होते. तिने आधी माझ्या फटीकडे पाहिले, मग काकांकडे. ती फट कुठून आली हे त्या हॉलमध्ये तिच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. तिने डोळे मिटले. सगळ्यांना वाटले, दुखतेय म्हणून.

दोन दिवसांनी समितीने ठरवले की उज्माने यंदा खेळायचे नाही. कागदावर "धोकादायक खेळ" असे लिहिले होते. कासमभाई कॉलेजात आले. हॉलच्या दाराशी चपला काढून आत आले आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, माझी पोरगी मारकी न्हाय. तुम्ही तिला दोन वर्षं बघता. तुम्ही सांगा ना कोनाला."

"मी सांगितलं, कासमभाई."

"मग?"

मॅडम खाली वाकून माझी सुटलेली चिकटपट्टी दाबू लागल्या. त्यांची नेमणूक पुढच्या वर्षी पुन्हा समितीच करणार होती. त्याच संध्याकाळी त्यांनी उज्माच्या नावाशिवायची यादी सही करून पाठवली. मला पुसणारे हात तेच होते, हे मी विसरत नाही. त्या सहीबद्दल मात्र मी त्यांना माफ करू शकले नाही.

स्पर्धेला संघ गेला तो एकट्या भाविकाच्या भरवशावर. पहिल्याच सामन्यात हरून आला. भाविका दुसऱ्या दिवशी एकटीच माझ्यावर येऊन बसली. "सात वेळा चढाईला गेले," मला पुसायला आलेल्या मॅडमना ती म्हणाली. "सातव्यांदा दम सुटला. मागे वळून बघितलं तर शिकवायला कोणीच नव्हतं."

उन्नतीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. दीड महिन्याने ती कुबडी घेऊन कॉलेजात आली. कोणी बोलावले नव्हते. ती ऑफिसात बसली आणि स्वतःच्या हाताने एक पान लिहून दिले. नंतर ते पान तिने मॅडमना हॉलमध्ये वाचून दाखवले, म्हणून मला कळले. "उज्माचा हात मला लागला नव्हता. माझा पाय मॅटच्या फटीत गेला. मॅट आमच्या गोडाऊनमध्ये खराब झाली. मी ते पाहिले होते."

मॅडम रडल्या. उन्नती रडली नाही. "काका घरी बोलत नाहीत माझ्याशी," ती म्हणाली. "नाही बोलले तरी चालेल."

त्या पानाचे काय झाले, विचाराल तर ते फायलीत गेले. माझे काय झाले तेही सांगते. आठवड्याच्या आत माझे तुकडे सुटे करून मागे टाकले. काही तुकडे कोणी दापोड्याला नेले, ते आता मालाच्या खोक्यांखाली आहेत. हॉलमध्ये नवी मॅट आली. भिंतीवर पाटी लागली: चांगदेवशेठ यांच्या सौजन्याने. उद्घाटनाला पुन्हा बूट आले असतील. मला इथून दिसले नाही.

उज्मा दिवाळीनंतर आली, पण खेळायला नाही. तिने दाखला काढला होता. आता ती कल्याणच्या एका कॉलेजात जाणार होती. तिथे कबड्डीचा संघ नाही. जाताना ती मागच्या वाटेने निघाली, आणि उन्नती कुबडी टेकत तिच्यामागे आली. दोघी माझ्यापाशी थांबल्या.

"मी सगळं लिहून दिलं," उन्नती म्हणाली.

"कळलं मला, दीदी. बरं केलंस."

"मग जाऊ नकोस ना. मॅडम पुन्हा समितीशी बोलतील."

उज्माने दाखल्याची घडी घातली. "त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तू बोलशील. घरी अब्बांना पण मी तेच सांगितलं. दीदी बोलेल म्हटलं. रोज सांगितलं. मग अब्बांनी विचारायचं सोडलं."

उन्नतीने कुबडी दुसऱ्या काखेत घेतली. उज्माने तिच्या गुडघ्याकडे पाहिले. "व्यायाम कर नीट," ती म्हणाली आणि रस्त्याकडे गेली. बोटांवर नाही. साध्या, जड पावलांनी, चपला वाजवत.

मित्रांनो, मला पुसा, सावलीत ठेवा, माझ्यावर बूट घालून येऊ नका, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. मी तुटले, तेव्हा ते पाहणारे डोळे होते. उज्मावर आळ आला, तेव्हाही तेच डोळे उघडे होते. तुमच्या शाळेत, तुमच्या मैदानावर काही तुटलेले दिसले तर तिथल्या तिथे सांगा, समोर काका असले तरी. आणि जिच्यावर खोटा आळ येतो, ती तुमच्याकडे बघत असेल, तर ती बघत आहे तोवरच बोला.