मिस्त्रीचा निरोप

बाबांची गाडी माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण घरात मान तिचा मोठा. रोज सकाळी ते बॉनेट उघडायचे, डिपस्टिक काढून फडक्याला पुसायचे आणि पुन्हा घालून तेलाची पातळी बघायचे. मला त्या फडक्यालाही हात लावायची परवानगी नव्हती. "तू लांबच राहा, हात लावशील त्याची वाट लागते," हे मी सहावीपासून ऐकत आलो. माझे केस पिकले, वाक्य तेच राहिलं.

त्या गाडीतून ते रोज दुपारी आईला भरवायला जायचे. आई शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात होती. तिला कोणाचीच ओळख उरली नव्हती, पण घास ती फक्त बाबांच्या हातून घ्यायची. नर्सने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. तिकडे बस जात नव्हती, रिक्षाही मिळत नव्हती. हे सगळं मला माहीत होतं, हे आधीच सांगून टाकतो.

आणि मला गॅरेज हवं होतं. माझी नवी गाडी आठ महिने रस्त्यावर उन्हात तापत होती, आणि आत तो खटारा ऐटीत उभा. दोनदा विषय काढला, दोनदा बाबा पेपरामागून म्हणाले, "मी मेल्यावर बघ."

एक दिवस ते दुकानातून हात हलवत परत आले. गाडीचं नेहमीचं साधं तेल तिथे संपलं होतं आणि दुकानदार सिंथेटिक घ्या म्हणून मागे लागला होता. फोनवर त्यांना धड ऐकू येत नाही, म्हणून मला म्हणाले, "मिस्त्रीला विचारून ये. तो सांगेल तेच घालायचं." गाडीच्या बाबतीत चाळीस वर्षं ते मिस्त्रीच्या शब्दाबाहेर गेले नव्हते.

मिस्त्री एका गाडीखाली आडवा पडला होता. तिथूनच बोलला.

"साधंच, जाडसर. कुठल्याही कंपनीचं चालेल. नव्या गाडीला सिंथेटिक चांगलं, पण हिचे रबरी सील चिरलेत. आत काळा गाळ बसलाय म्हणून तेल टिकतंय. सिंथेटिकने तो गाळ धुऊन निघेल, मग सगळीकडून गळेल. नीट सांग हं त्यांना."

"सांगतो," मी म्हणालो.

बाबा दारातच उभे होते. "काय म्हणाला?"

"सिंथेटिक. डोळे मिटून घाला म्हणाला."

खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात. मी अजिबात अडखळलो नाही.

पहिले काही दिवस बाबा खूश होते. इंजिन लोण्यासारखं चालतंय म्हणायचे. मग फरशीवर थेंब दिसायला लागले. त्यांनी गाडीखाली पुठ्ठा अंथरला, रोज वरून तेल घालायला लागले. मीही रोज पुठ्ठा बघायचो. डाग वाढला की बरं वाटायचं. दुसरा शब्द नाही त्याला.

एका दुपारी आईकडे जाताना इंजिन जाम झालं. पुढचं अंतर बाबा उन्हात चालत गेले. पोहोचले तोवर ताट भरलेलंच परत गेलं होतं.

संध्याकाळी ते गाडी मिस्त्रीकडे ओढून नेऊन घरी आले आणि बूट काढायला बसले.

"इंजिन गेलं. मिस्त्री म्हणतो, त्याने तुला साधं सांगितलं होतं."

मी पाणी प्यायलो.

"चार माणसांत खोटारडा म्हणालो त्याला. म्हटलं, माझा मुलगा एक वेळ निकामी असेल, पण खोटं बोलणार नाही. तुझं तोंड बघणार नाही पुन्हा, असंही त्याला सुनावलं." एक बूट हातात तसाच होता. "बरोबर बोललो ना?"

"बरोबर बोललात."

त्यांनी मान हलवली. "उद्यापासून दुपारी सोडशील मला?"

"ऑफिस असतं. रविवारी बघू."

"मधले दिवस ती काय खाणार?"

मी किल्ली उचलली आणि माझी गाडी रिकाम्या गॅरेजमध्ये लावायला गेलो.

रविवारी सकाळी गॅरेजमध्ये गेलो, तर बाबा फडकं घेऊन माझ्या गाडीचं बॉनेट चाचपत होते. "लांब जायचंय. तेल बघून घेतो."

"तुम्ही लांबच राहा, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी फडक्याची घडी घातली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

इतक्या दिवसांच्या खंडानंतर आईने त्यांच्या हातचाही घास घेतला नाही.