हात खालून सुरू करा

मित्रांनो, मी एक जुने यकृत आहे. तुमच्याच मेडिकल कॉलेजात, काचेच्या बरणीत असते. माझ्या डावीकडचे यकृत चरबीने पिवळे पडले आहे. उजवीकडचे सिरोसिसने आकसून गाठाळ झाले आहे. माझ्यात मात्र एक पोकळी आहे. तिच्यात मूठ मावेल.

ज्या बाईची मी होते, ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. तिच्या उजव्या फासळ्यांआड, श्वासाच्या पडद्याला चिकटून मी पाचरीसारखी बसले होते. उजवा भाग मोठा, डावा लहान, खाली पित्ताची पिशवी. आतड्यांतले रक्त एका मोठ्या शिरेतून आधी माझ्याकडे येई. ते मी गाळत असे, पित्त करत असे, साखर साठवत असे. माझे कधी कोणी नाव काढले नाही. आमचे नाव निघते ते बिघडल्यावरच.

मग खराब पाण्यातून अमीबा आला. त्याच शिरेने माझ्यात चढला आणि उजव्या भागात पू धरू लागला. मला आतून दुखत नाही. दुखते ते वरचे आवरण ताणले की. आणि पडदा चिडला की कळ उजव्या खांद्यात उठते, कारण दोघांच्या नसा मानेत एकाच ठिकाणाहून निघतात.

तिला ताप येई, खांदा ठणके. नवरा तेल चोळी.

"इस्त्री डाव्या हातानं फिरव की जरा."

"आणि शर्ट जळला तर गिऱ्हाइकाला तोंड कोण देणार, तुम्ही?"

"देतो. तू आधी पड बघू."

शेवटी दोघे दवाखान्यात आले. डॉक्टर नवा, बाहेर ही रांग. त्याने हात थेट फासळ्यांखाली ठेवला. पण मी तोवर चार बोटे खाली उतरले होते! त्याचा हात माझ्या अंगावरच होता आणि माझी कड त्याच्याही खाली राहिली होती. अजून खाली ये रे, असे मला झाले. पण मला आवाज कुठे?

"काम काय करता?"

"इस्त्री."

"मग बरोबर. स्नायू धरलाय." त्याने मलम लिहून दिले.

पुन्हा आणले तेव्हा तिला श्वास पुरत नव्हता. मोठ्या डॉक्टर मॅडमनी हात जांघेच्या वर ठेवला, वर वर आणला, आणि मी त्यांच्या बोटांना लागले. फासळ्यांमध्ये दाबताच ती किंचाळली.

"तू हात कुठून सुरू केलास?" त्यांनी नव्या डॉक्टरला विचारले.

"फासळीखालून, मॅडम."

"घरात उभं राहून उंबरठा शोधत होतास! पू काढायला सुई आणा, लगेच."

सुई येईपर्यंत तग धरायचा मी प्रयत्न केला. पुवावरची भिंत कागदासारखी झाली होती. पण सुई यायच्या आतच बाई खोकली, आणि मी फुटले. पू पोटभर पसरला. ऑपरेशन केले, पण ती वाचली नाही.

नवऱ्याने एवढेच विचारले, "मी चोळत होतो, त्यानं झालं का?"

"नाही हो. खांद्यात काही नव्हतंच."

मॅडमनी मला कॉलेजसाठी मागितले. तो म्हणाला, "ठेवून घ्या. शिकू दे पोरांना."

मित्रांनो, उद्या तुमच्यासमोरही कोणीतरी आडवे होईल. बाहेर रांग असेल. तरी हात खालून सुरू करा. श्वास घ्यायला सांगा आणि थांबा. कड स्वतःहून तुमच्या बोटांपाशी येते.