धोंडबाचा मास्क

ताराचंद निमजेला आगीची भीती नव्हती. भीती होती ती मास्कची.

कळमेश्वरला नायलॉनचे दोर बनवणाऱ्या कारखान्यात तो लागला, तेव्हा तांडापेठेतल्या घरातले हातमाग बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आग विझवणाऱ्या टोळीसाठी धडधाकट माणसं निवडली, त्यात त्याचं नाव आलं आणि नाही म्हणायची त्याला लाज वाटली. मास्क जाड काळ्या रबराचा होता. सगळा चेहरा झाकायचा, डोळ्यांपुढे काच, आणि नळीनं जोडलेला पत्र्याचा डबा छातीवर. श्वास त्या डब्यातून ओढायचा. पहिल्यांदा घातला तेव्हा कुणीतरी तोंडावर उशी दाबून धरलीय असंच ताराचंदला वाटलं. त्यानं तो ओरबाडून काढला. सगळे हसले. इंदोऱ्याचा धोंडबा मेश्राम तेवढा हसला नाही.

"हळू ओढ ना गा," तो म्हणाला. "तू घाई करून राहिला म्हणून जीव कोंडून राहिला."

तेव्हापासून दोघांची जोडी ठरली. आत एकट्यानं जायचं नाही, असा नियमच होता.

भीतीपोटी ताराचंद मास्कला फार जपायचा. दर शनिवारी दोघांचे मास्क कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचा, रबर तडकू नये म्हणून सावलीत वाळवायचा, वरून पावडर लावायचा. श्वास बाहेर सोडायच्या जागी रबराची पातळ चकती असते, ती चिकटली तर नाही ना, हे नखानं उचलून बघायचा. डब्याचं झाकण घट्ट लावायचा, कारण दमट हवा लागली की आतलं औषध निकामी होतं. शेवटी मास्क चढवून डब्याच्या तोंडावर तळहात दाबायचा आणि श्वास ओढायचा. मास्क गालांना चिकटला म्हणजे कुठं फट नाही. पण त्या क्षणी श्वास येत नसे, आणि ताराचंदच्या पाठीवरून घाम वाहू लागे.

शिकवायला आलेल्या माणसानं बजावून सांगितलं होतं, "हा डबा धूर गाळतो, हवा तयार करत नाही. आत धुराचा वास आला की मागे फिरायचं."

त्या उन्हाळ्यात धोंडबाच्या हनुवटीवर गळवं उठली. वस्तरा लावता येईना, दाढी वाढली.

"मास्क बसणार नाही तुले," ताराचंद म्हणाला. "केसातून धूर शिरते."

"काहून एवढा भेतं गा? गळवं बसली का काढतो दाढी."

गळवं बसायच्या आधीच आग लागली. दुपारची पाळी होती, बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. गोदामाच्या दारातून काळाकुट्ट धूर लोटत होता आणि रुपराव नावाचा कामगार ओरडत होता, "कांताबाई आत हाये! मांगच्या बाजूले!" कांताबाई गोदामात गुंतलेला धागा निवडायची.

दोघांनी मास्क चढवले, कमरेला एकच दोर बांधला. ताराचंदनं तळहात दाबून पाहिला, मास्क चिकटला. धोंडबानंही पाहिला, मग पट्टे आणखी आवळले.

"बसला का?" ताराचंदनं ओरडून विचारलं.

धोंडबानं मान हलवली. ती होकाराची होती, पण ताराचंदचा विश्वास बसला नाही. त्याला थांबवावं असं मनात आलं. पण बाहेर बायका कांताबाईच्या नावानं रडत होत्या आणि धोंडबा आत शिरला होता.

आत काही दिसत नव्हतं. ताराचंद एक हात भिंतीवर ठेवून सरकत होता. स्वतःचा श्वास कानात घुमत होता. छातीवरचा डबा तापू लागला. तापला म्हणजे काम करतो आहे, असं शिकवलेलं होतं, तरी तो फुटेल असंच वाटत राहिलं. गाठोडी चाचपत दोघं मागच्या बाजूला पोचले. कांताबाई हाताला लागेना.

मग दोराला हिसका बसला. शेजारी धोंडबा खोकत होता. मास्कच्या आतला तो खोकला विचित्र, दबलेला येत होता. ताराचंद वळला तेवढ्यात दोन हात त्याच्या तोंडावर आले. धोंडबानं आपला मास्क काढून फेकला होता आणि आता तो ताराचंदचा ओढत होता. बोटं रबराच्या कडेखाली घुसली. धूर आत आला. एकच श्वास, पण निखारा गिळल्यासारखा.

ताराचंदनं ठोसा मारला. पुन्हा मारला. त्याला धोंडबा दिसत नव्हता, तोंडावरचे ते हात तेवढे कळत होते. हात सुटले. त्यानं मास्क दाबून धरला, जोरात श्वास सोडून आतला धूर बाहेर काढला, आणि पाय आपोआप दाराच्या दिशेनं निघाले.

कमरेचा दोर ताणला गेला. दुसऱ्या टोकाला धोंडबा पडलेला होता.

ताराचंदचा हात गाठीवर गेला. गाठ घट्ट होती. तो ती उकलत राहिला, आणि उकलता उकलता त्याला कळलं की आपण रडतो आहोत. काच धुरकटली होती. कुणाच्या नावानं रडतो आहोत तेही समजेना. मग त्यानं गाठीवरचा हात काढला, दोर पकडत मागे गेला आणि धोंडबाच्या काखेत हात घालून त्याला ओढू लागला. अर्ध्या वाटेत मास्कमध्ये धुराचा वास यायला लागला. तरी त्यानं ओढणं थांबवलं नाही. दाराशी रुपरावनं दोघांना बाहेर खेचलं.

कडुलिंबाखाली कांताबाई उभी होती. आग लागायच्या जरा आधी ती मागच्या दारानं पाणी प्यायला गेली होती. धोंडबाला पाहून तिनं हंबरडा फोडला.

धोंडबाला रामदासपेठेतल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. त्याला बोलता यायला लागल्यावर ताराचंद बायकोला, अनुसयेला घेऊन भेटायला गेला. धोंडबाचा गाल काळानिळा होता. अनुसया बाहेर बाकावर बसली.

"मीच मारलं तुले," ताराचंद म्हणाला.

"मालूम हाये. मले सारं आठवते." धोंडबाचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "मले तुया मास्क पाहिजे होता. तू मेला असता तरी चाललं असतं मले तवा."

ताराचंदनं खाटेचा लोखंडी दांडा धरला.

"मी दोराची गाठ सोडून राहिलो होतो," तो म्हणाला. "तुले तिथंच टाकून येत होतो."

धोंडबा छताकडे पाहत होता. "सुटली नाही ना?"

"नाही."

"मंग बस इथं."

ताराचंद बसला. नर्सनं वेळ संपली म्हणून सांगेपर्यंत बसून होता. मग बाहेर आला आणि जिना उतरताना मास्क घातल्यासारखा त्याचा श्वास अडला. तो पायरीवर बसला. येणारेजाणारे वळसा घालून जात होते.

"काय झालं वो? पाणी आणू का?" अनुसयेनं घाबरून विचारलं.

त्यानं मान हलवून नको म्हटलं आणि तिचा हात धरून तो तोंड उघडं ठेवून हवा ओढत राहिला.