पहिली मात्रा आखूड

मी बोलतोय ते इल्वाच्या खांद्यावरून. हे आधीच सांगतो, कारण मधली कित्येक वर्षं मी खिळ्याला लटकून काढली आणि लोकांना मी भिंतीची शोभा वाटू लागलो होतो. मी व्हायोलिन आहे, नाचासाठी जन्मलेलं.

स्वीडनमध्ये, डालार्नातल्या एका नदीकाठच्या गावी, मला पहिल्यांदा वाजवणाऱ्या अलगोतच्या मामाने कोठाराच्या जुन्या तुळईतून माझं पोट कोरलं. मामा सुतार होता, वाद्यं करणारा नव्हे. त्यामुळे माझी मान जरा जाडच झाली. अलगोत जन्मभर त्यावरून कुरकुरला, पण दुसऱ्या व्हायोलिनला त्याने कधी हात लावला नाही.

शनिवारी संध्याकाळी नदीकाठच्या लाकडी चौथऱ्यावर गाव पोल्स्का नाचायचं. जोडीजोडीने गिरक्या, तीन मात्रांचा ठेका. आमच्याकडे पहिली मात्रा आखूड आणि दुसरी ऐसपैस. परगावचे पाहुणे हमखास अडखळायचे, मग गाव गालातल्या गालात हसायचं.

वाजवताना अलगोतची नजर माझ्या तारांवर कधीच नसे. ती असे त्याच्या बायकोच्या, हिलेवीच्या, टाचांवर. तिची टाच टेके तिथे त्याचा गज दाबला जाई. कोण कुणाच्या मागून जातंय, हे मलाही कधी कळलं नाही.

अलगोत गेला. हिलेवीने मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं. दर शनिवारी धूळ पुसायची, पण कुणाला हात लावू द्यायची नाही. माझ्या तारा तुटल्या, कडेचा सांधा उकलला. शेजारच्या कॉफीच्या किटलीचा मला हेवा वाटे. तिला निदान रोज काम होतं.

मग तिच्या मुलाने, तूरस्तेनने, शहरातली इल्वा बायको करून आणली. ती शाळेत व्हायोलिन शिकलेली. तेव्हा गावोगाव वादकांचे ताफे निघत होते, तसा आमच्याकडेही निघाला. इल्वाने भीतभीत मला मागितलं.

"घे बाई," हिलेवी म्हणाली, "माझं धूळ पुसायचं तरी वाचेल."

सांधा चिकटला, नव्या तारा चढल्या. खरं सांगतो, ताफ्यात मी सुखावलो. इतक्या वर्षांच्या एकटेपणानंतर एवढी व्हायोलिनं एकदम! पण कुणी मागे पडू नये म्हणून सगळे मात्रा सारख्या करत. चौथरा गजबजलेला असे आणि हिलेवी मात्र मांडीवर पर्स घेऊन बाकावर बसून राही. थंडीच्या आधी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती. पुढे नाचता येईल की नाही, डॉक्टर काही बोलत नव्हते.

"आई, तुम्ही का नाही नाचत?" इल्वाने विचारलं.

"वाजवता छान गं. पण पाय कुठे टाकायचा, ते कळतच नाही. एकदा, फक्त एकदा, आपली पोल्स्का नाचायची होती."

"मग शिकवा मला."

"मी काय शिकवणार, कपाळ! मला गज कुठल्या टोकाला धरतात तेही माहीत नाही."

"नाचून दाखवा."

स्वयंपाकघरातल्या खुर्च्या बाजूला सरकल्या. जोडीला तूरस्तेन, त्याने आईच्या पायावर पाय दिलाच. इल्वा टाचांकडे बघत वाजवू लागली.

"आखूड, अगं आखूड! पहिलीवर रेंगाळतेस कशाला? पाहुणी आलीय का ती?"

असं उन्हाळाभर चाललं. एकदा माझा आवाज नेमका टाचेबरोबर पडला.  हिलेवी डोळे मिटून नुसती गिरक्या घेत राहिली. मला भडभडून आलं.

उन्हाळ्यातल्या शेवटच्या नाचाला इल्वा एकटीच पुढे झाली. धून कुणाकडून आली ते आधी सांगायची आमच्याकडे रीत आहे. अलगोतचं नाव येणार, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं. मीसुद्धा.

"ही धून मी हिलेवीकडून शिकले," इल्वा म्हणाली.

"हिलेवी कधीपासून वाजवायला लागली?" कुणीतरी हसलं.

"वाजवली नाही. नाचून दाखवली."

"खुळी आहे ही पोर!" हिलेवी लाजून लाल झाली. पण पर्स तिने शेजारणीकडे दिली आणि ती उठली. तूरस्तेनचा हात धरून ती फिरू लागली. हळूहळू ताफ्यातले बाकीचेही तिच्या टाचांकडे बघत आमच्यात मिसळले.

शस्त्रक्रिया झाली. हिलेवी आता काठी घेऊन बाकावर बसते. तिला पुन्हा नाचता आलं नाही. धून मात्र तिच्या नावाने दूरदूरच्या गावांत वाजते. माझा सांधा डिंकाने चिकटवलाय आणि दोन हनुवट्यांनी माझी चकाकी घालवलीय. मला त्याचं काही वाटत नाही.

तुमच्या घरी कुणी माझ्यासारखं खिळ्याला लटकत असेल, तर त्याला खाली काढा. आणि वाजवाल तेव्हा तारांकडे बघू नका. बाकावर बसून कुणाची टाच हलतेय, तिकडे बघा.