फळ्यावरची फुली

मित्रांनो, भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या गावची दूध डेअरी आहे. तिथे खिळ्याला टांगलेला, कोपऱ्याला टवका उडालेला जो काळा फळा दिसतो, तो मी. माझी गोष्ट काही छाती फुगवून सांगावी अशी नाही. पण मनात ठेवून ठेवून जीव कोंडला, म्हणून सांगतो.

गावच्या सुताराने मला शाळेसाठी घडवलं. बावीस वर्षं मी पाढे, कविता आणि नकाशे अंगावर वागवले. मग शाळेत पांढरा गुळगुळीत फळा आला आणि माझी रवानगी व्हरांड्यात झाली. तिथून मला दत्तोबांनी उचललं. दत्तोबा म्हणजे डेअरीत दूध तपासून घेणारे; धाकटी माणसं त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी मला घासलं, पुसलं, काळा रंग दिला. आपण कुणाला तरी हवेसे आहोत हे कळल्यावर लाकडालाही बरं वाटतं.

वनडे मॅचच्या दिवशी माझा थाट विचारू नका. सकाळचं दूध घालून झालं, की रिकाम्या किटल्या बाजूला ठेवून माणसं माझ्यासमोर बसायची. दत्तोबा खडू पाण्यात बुडवून अकरा नावं लिहायचे. पोस्टातून निवृत्त झालेले कचरूअण्णा त्यातलं एक तरी नाव पुसल्याशिवाय राहायचे नाहीत.

“दोन फिरकीवाले कशाला रं, दत्तोबा? पीच पाटा हाय, बॉल वळायचा न्हाय,” अण्णा म्हणायचे.

“मधल्या ओव्हरी मग कोन टाकनार? तू?”

हसत, भांडत बाराचा ठोका पडायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल. जो खेळला त्याच्या नावापुढे बरोबरची खूण, जो पडला त्याच्या नावावर फुली. ती माणसं शेकडो कोस लांब. आमची फुली त्यांना कुठली दिसायला! म्हणून कुणाचा हात कधी आखडला नाही. मलाही त्यात मौज वाटायची, खोटं कशाला बोलू?

दत्तोबांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. सख्ख्या भावाच्या दुधात पाणी निघालं, तर त्यांनी चारचौघांत ते परत पाठवलं होतं. “मापाला आन् फळ्याला नातं न्हाय,” असं ते म्हणायचे आणि लोक माना डोलवायचे.

त्यांची मुलगी माधवी रोज सकाळी घरचं दूध घेऊन यायची. ती जलद गोलंदाजी करायची. गोठ्यामागच्या भिंतीवर चेंडू आपटून आपटून शिकलेली पोरगी ती. गेल्या वर्षी तिची पुणे जिल्ह्याच्या मुलींच्या संघात निवड झाली. बारामतीच्या मैदानावर पन्नास षटकांचा सामना होता. त्याच दिवशी भारताचीही मॅच होती. दत्तोबांनी अकरा नावं लिहिली आणि खाली बारावं नाव घातलं, माधवी. माझ्या उभ्या आयुष्यात इतकं जपून कुणी काही लिहिलं नव्हतं.

“तू जानार न्हाईस व्हय बघाय?” अण्णांनी विचारलं.

“संध्याकाळचं दूध कोन घेईल?” दत्तोबा म्हणाले.

दिवसभर सगळ्यांचे फोन भारताच्या मॅचमध्ये अडकलेले. संध्याकाळच्या दुधाच्या गडबडीत अण्णांना आठवण झाली आणि त्यांनी मुलींच्या सामन्याचा स्कोअर उघडला. शेवटचं षटक होतं, समोरच्यांना आठ धावा हव्या होत्या आणि चेंडू माधवीच्या हातात होता. पहिला वाईड गेला. पुढच्या दोन चेंडूंवर दोन चौकार. सामना गेला. फोन खिशात गेले आणि कुणीही मागचं काही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाची वेळ झाली. भारताच्या अकराजणांचा हिशेब पुरा झाला. दत्तोबा खडू ठेवायला लागले, तेवढ्यात दादासो नावाचा एक गवळी हसत म्हणाला, “तात्या, बारावं नाव राह्यलं की. घरचं हाय म्हनून सोडता व्हय?”

“र्‍हाऊ दे दत्तोबा, आपली पोरगी हाय,” अण्णा म्हणाले.

“फळ्याला नातं न्हाय,” दत्तोबा म्हणाले. त्यांनी खडू पाण्यात बुडवला आणि तिच्या नावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फुली मारली.

मागे किटली टेकल्याचा आवाज झाला. दारात माधवी उभी होती. तिने फळा वाचला. दूध घातलं, पावती घेतली आणि गेली. मित्रांनो, मला तेव्हा खिळ्यावरून खाली पडता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

चौथ्या दिवशी अण्णा वर्तमानपत्र घेऊन आले. आतल्या पानावर दोन बोटांची बातमी होती, ‘माधवीचे चार बळी व्यर्थ’. पहिल्या नऊ षटकांत तिने फक्त एकवीस धावा दिल्या होत्या. सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला तोच तिच्यामुळे. दत्तोबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि तिथल्या पोत्यावर मटकन बसले.

पुढच्या आठवड्यात तिला राज्याच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. ती दूध घालायला आली तेव्हा दत्तोबा सगळ्यांसमोर म्हणाले, “चुकलं माझं, पोरी. दूध ऱ्हाऊ दे त्या दिशी. मी येतो तुझ्यासंगं.”

माधवी शांतपणे म्हणाली, “तात्या, कुनाचंबी दूध तुमी तळापासनं ढवळल्याबिगर तपासत न्हाय. माझं तेवढं वरवरचं बघितलं.”

चाचणीच्या दिवशी सकाळी ते धुतलेला सदरा घालून तयार होते. माधवी रोजच्या वेळेला किटली घेऊन डेअरीत आली, दूध घातलं आणि घरी गेली. चाचणीला ती गेलीच नाही.

त्यानंतर दत्तोबांनी खडूला हात लावला नाही. आता नावं दादासो लिहितो. तो फुल्या हळू मारतो, पण मारतो. परवा मॅच होती. माधवी दूध घालायला आली, तेव्हा अण्णांनी तिला मायेने विचारलं, “माधवी, आज तिसरा फास्ट बॉलर घ्यावा का गं?”

“मला न्हाय कळत त्यातलं, अण्णा,” ती म्हणाली. दत्तोबा तेव्हा तिच्याच दुधाचा नमुना घेत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मित्रांनो, मॅच बघा, संघ निवडा, घसा बसेपर्यंत भांडा. त्यातली मजा मी सोडा म्हणत नाही. एवढंच करा, कुणाच्या नावावर फुली मारण्याआधी एकदा दाराकडे बघा. ते नाव ज्याचं आहे, तो माणूस तिथे उभा असेल.